उजेडाची मात्रा

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी आपल्या मंडळात व्याख्यानाला पाहुणे बाहेरून येतात. यंदा सचिवांनी आम्हालाच गाठलं. म्हणाले, तुम्ही इलेक्ट्रिकलचे डिप्लोमावाले, सरकारी इमारतींच्या दिव्यांचं काम बघता, मंडपाची रोषणाईही तुमच्याकडेच असते, तर उजेडावर बोला. आम्ही हो म्हणालो, पण विषय जरा निराळा घेतला आहे. एक खुलासा आधीच करतो. आज आम्ही 'आम्ही' म्हणू ते मोठेपणाने नव्हे. आई, आमच्या सौ. आणि हा बोलणारा, अशा तिघांच्या घरात जे घडलं ते सांगायचं आहे. त्यातलं शहाणपण एकट्याचं नाही. चुका मात्र बहुतेक एकट्याच्याच.

आज दुपारी आम्ही एक उद्योग केला. आमच्याकडे लक्समीटर असतं. एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते मोजण्याचं हे छोटं यंत्र. ते घेऊन मंडपात आलो, सगळी रोषणाई चालू करायला लावली, आणि आरतीला आपण जिथे उभे राहतो तिथे ते धरलं. आकडा आला सहाशे चाळीस लक्स. मग मंडपाबाहेर आलो. आभाळ भरून आलेलं, उन्हाचा पत्ता नाही, पाऊस केव्हाही येईल अशी हवा. तिथे आकडा आला चौदा हजार. म्हणजे आपल्याला डोळे दिपवणारी वाटते त्या आराशीच्या वीसपटीहून जास्त उजेड त्या मळकट आभाळाखाली होता. डोळ्याला ते कळत नाही. डोळा फार सोशिक, आहे त्यात भागवून घेतो. पण शरीरात आणखी कोणीतरी आहे, ज्याचं तेवढ्यावर भागत नाही. हे आम्हाला कसं कळलं, ते ऐका.

आमचे वडील अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाडीने आले आणि चलथाणला उतरले, तेव्हापासून आम्ही या भागातले. इथे बसलेल्या निम्म्या घरांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. वडिलांच्या पिढीने खानदेश सोडून लूम्सच्या खात्यात पाळ्या केल्या. आता पुढची पिढी कडोदरा सोडून कॅनडा, इंग्लंड, आयर्लंडला चालली आहे. आमचा धाकटा भाऊ २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅनडात एडमंटनला गेला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, इथे सहा-सात वर्षांचा अनुभव, बोलका, क्रिकेटचा वेडा, उत्तरायणला पहाटेपासून गच्चीवर. घरात कोणी गप्प बसलं तर त्याला बोलतं करणारा हाच.

पहिल्या थंडीत तो कमी बोलू लागला. नवा देश, एकटेपणा, उणे वीस-पंचवीस तापमान. आम्ही म्हटलं, होणारच. एप्रिलमध्ये पुन्हा पहिल्यासारखा झाला, तेव्हा वाटलं, रुळला. दुसऱ्या वर्षी, २०२२ च्या दिवाळीनंतर, पुन्हा तेच, आणि जास्त. सुट्टीच्या दिवशी बारा-बारा तास झोप, तरी थकवा. गोड आणि ब्रेड खात राहायचा, वजन वाढलं. व्हिडिओ कॉल केला की कॅमेरा बंद. आई विचारायची, "तुले काय व्हयनं रे भाऊ?" तो म्हणायचा, काही नाही, झोप आली आहे. नातेवाइकांनी नेहमीची औषधं सुचवली. कोणी म्हणालं लग्न लावून द्या, कोणी म्हणालं नजर लागली, उतरवून टाका. आम्हीही एकदा फोनवर चिडून बोललो, इथे वडिलांनी बारा तासांच्या पाळ्या केल्या आणि तुला तिथे हीटरमध्ये बसून थकवा येतो! ते वाक्य परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

डिसेंबरात एका रात्री तो म्हणाला, "दादा, सकाळी उठून करायचं काय असतं?" आवाज रडका नव्हता, सहज विचारल्यासारखा होता. त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपलं नाही.

हे ओळखलं आमच्या सौ.नी. त्या रात्री बसून त्यांनी घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरचे त्याचे फोटो मागे-मागे जात पाहिले. एप्रिल ते ऑक्टोबर रोज काहीतरी: नदी, बार्बेक्यू, क्रिकेटचं मैदान. नोव्हेंबर ते मार्च जवळजवळ काहीच नाही. दोन्ही वर्षं तसंच. त्या म्हणाल्या, हा आळस नाही आणि आठवणही नाही. आठवण काय फक्त थंडीत येते?

मग आमच्यातला इलेक्ट्रिकलवाला जागा झाला. एडमंटन ५३ अंश उत्तरेला. तिथे २१ डिसेंबरला सूर्य पावणेनऊनंतर उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. दिवस साडेसात तासांचा. आपल्या सुरत भागात त्याच दिवशी जेमतेम पावणेअकरा तास दिवस असतो, तोही पोंक आणि उंधियूच्या मोसमातला, लख्ख. धाकटा निघायचा अंधारात, दिवसभर खिडक्या नसलेल्या शेडमध्ये काम, परतायचा अंधारात. सरळ गणित होतं, उजेड कमी पडतोय. मग उजेड वाढवा. आम्ही त्याला सांगितलं, वीस-वीस वॅटचे चार एलईडी बॅटन आण आणि खोलीत लाव. त्याने बिचाऱ्याने लावले. कामावरून आला की पाचपासून रात्री अकरापर्यंत त्या झगझगाटात बसायचा. दोन आठवड्यांनी फोन आला, दादा, आता तर रात्री दोनपर्यंत झोपच येत नाही आणि सकाळी उठवत नाही.

एका सल्ल्यात दोन चुका. दोन्ही चुका त्याच्या तिथल्या फॅमिली डॉक्टरने पंधरा मिनिटांत दाखवल्या. डॉक्टरकडे जा, हेही आमच्या सौ.नीच त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. आम्ही अजून तारा जोडत होतो.

डॉक्टरने आधी थायरॉइड आणि रक्ताच्या बाकीच्या तपासण्या केल्या. मग झोप, भूक, वजन आणि मागच्या थंडीची विचारपूस केली. जीव नकोसा होतो का, हेही स्पष्ट विचारलं. मग सांगितलं की हा थंडीत येणारा आणि वसंतात जाणारा नैराश्याचा आजार आहे, तिकडे तो चांगला ओळखीचा आहे, आणि त्यावर दिव्याचा उपचार आहे. दहा हजार लक्सचा दिवा, रोज सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास, दिवा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, थोडा वर आणि बाजूला. डोळे उघडे, पण दिव्याकडे टक लावायची नाही. समोर चहा घ्या, वर्तमानपत्र वाचा.

आता आमची पहिली चूक बघा. खोलीत चार बॅटन लावले तरी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर पाच-सहाशे लक्स पडतात, आपल्या बाप्पासमोर आहेत तेवढेच. उजेड लांब जाताना झपाट्याने विरतो. लहान दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो, हे आम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले, आणि भावाच्या वेळेस विसरलो. अल्फ्रेड लुई नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत १९८० साली दाखवलं होतं की माणसाच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक, ५०० लक्सने दबत नाही, २५०० लक्सने दबतं. तोवर लोकांना वाटायचं की माणसावर उजेडाचा असा काही परिणामच होत नाही, तो फक्त जनावरांवर होतो. कारण ज्याने त्याने घरातल्या दिव्यांखालीच प्रयोग केले होते. म्हणजे आमच्यासारखे बॅटनवाले शास्त्रज्ञांतही होते, एवढंच समाधान.

पुढची हकीकत आम्हाला फार आवडते, कारण तीत एक इंजिनियर आहे. या गृहस्थाने कित्येक वर्षं वहीत स्वतःच्या मनाच्या चढउताराची नोंद ठेवली होती. त्याला दिसलं की आपण दर थंडीत बुडतो आणि वसंतात वर येतो. तो ती वही घेऊन या शास्त्रज्ञांकडे गेला. त्यांनी थंडीत त्याला सकाळ-संध्याकाळ प्रखर उजेडात बसवून दिवस लांबवला, आणि थोड्याच दिवसांत तो सावरला. याच संस्थेत नॉर्मन रोझेंथल हे डॉक्टर होते. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे, उन्हाच्या देशातले. अमेरिकेत आल्यावर थंडीत स्वतःच मंदावल्याचा अनुभव त्यांना आला होता. १९८४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून या आजाराला नाव दिलं. तेव्हाचा उपचार होता २५०० लक्स, पहाटे तीन तास आणि संध्याकाळी तीन तास. नोकरी करणाऱ्या माणसाने एवढा वेळ आणायचा कुठून? पुढे दहा हजार लक्स केले आणि वेळ अर्ध्या तासावर आला.

दुसरी चूक वेळेची. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ पुढे आणतो, म्हणजे झोप लवकर लागते आणि जाग लवकर येते. रात्री उशिराचा उजेड तेच घड्याळ मागे ढकलतो. थंडीत खचणाऱ्या बऱ्याच लोकांचं घड्याळ आधीच मागे पडलेलं असतं. त्यात आम्ही धाकट्याला रात्री अकरापर्यंत झगझगाटात बसवलं. औषध चुकीचं, मात्रा अपुरी आणि वेळ उलटी. एखाद्या वैद्याने असं केलं असतं तर आपण त्याला सोडलं असतं का?

इथे कोणी विचारेल, हे सगळं डी जीवनसत्त्वामुळे ना? आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण तो वेगळा मामला. डी जीवनसत्त्व उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कातडीत तयार होतं. या दिव्यातून अतिनील किरण मुद्दाम गाळून काढतात. इथे काम डोळ्यांतून होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात काही पेशी अशा असतात ज्या चित्र बघण्यापेक्षा एकंदर उजेड किती आहे याची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देतात. निळसर उजेडाला त्या जास्त जागतात. २००२ साली डेव्हिड बर्सन यांनी या पेशी स्वतःच उजेड ओळखतात हे दाखवलं. म्हणजे डोळा नुसती खिडकी नव्हे, आत वॉचमनही बसलेला आहे. आराशीला फसतो तो आपण बघणारा डोळा, वॉचमन फसत नाही.

आणि दिव्याने उपचार म्हटलं की हसू येणाऱ्यांना एक आठवण करून देतो. इथल्या कितीतरी आयांनी आपलं दोन दिवसांचं बाळ कावीळ झाली म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलेलं पाहिलं आहे. ती पद्धत इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयातून आली. तिथल्या एका सिस्टरच्या लक्षात आलं होतं की बाळांना बाहेर उन्हात नेलं की पिवळेपणा उतरतो. १९५८ साली डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला. तिथे उजेड कातडीतून काम करतो म्हणून डोळे झाकतात. इथे डोळ्यांतून काम करतो म्हणून डोळे उघडे. तेवढा फरक.

धाकट्याने दिवा घेतला तो २०२३ च्या जानेवारीत. त्याची सकाळ साडेसात म्हणजे थंडीत आपली रात्रीचे आठ. तेव्हा त्याच्याकडे मिट्ट काळोख, आणि आपल्या घरात आईची दिवाबत्ती होऊन ताटं वाढायची वेळ. आम्ही ठरवलं की त्याच्या दिव्याच्या अर्ध्या तासात रोज फोन करायचा. म्हणजे त्याला उठावंच लागेल. पहिल्या दिवशी चेहरा असा पांढराफटक दिसला की आईला वाटलं हा दवाखान्यात आहे, आणि ती रडायला लागली. मग त्याने दिव्याची पाटी फिरवून दाखवली, पुस्तकाएवढ्या चार फरशा जोडल्यासारखी. आई म्हणाली, एवढ्याशा दिव्यासाठी एवढे पैसे! दीडशे डॉलरचा हिशेब तिने आधीच रुपयांत करून ठेवला होता.

पहिले चार-पाच दिवस काही नाही, उलट डोकं दुखलं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्याने विचारलं, वहिनी, आज काय भाजी आहे? एवढंच. पण गेल्या दोन महिन्यांत त्याने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. आमच्या सौ. फोन तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. भरीत होतं त्या दिवशी.

चमत्कार झाला असं आम्ही सांगणार नाही. धाकट्याला आम्ही विचारलं, तुझी गोष्ट मंडळात सांगू का? तो म्हणाला, सांग दादा, पण बरा झालो असं सांगू नकोस. थंडी आली की बिघडतो आणि सावरतो, असं सांग. त्या वर्षी त्याला दिव्याबरोबर गोळ्याही घ्याव्या लागल्या आणि समुपदेशनालाही तो गेला. कॅनडातच यावर एक नीट अभ्यास झाला आहे, रेमंड लॅम यांचा, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. ९६ रुग्ण, आठ आठवडे. अर्ध्यांना दहा हजार लक्सचा दिवा आणि नुसती दिखाऊ गोळी. बाकीच्यांना नैराश्याची खरी गोळी आणि मंद, निरुपयोगी दिवा. दोन्हींकडे सारख्याच लोकांना गुण आला, ६७ टक्के. म्हणजे दिवा गोळीच्या तोडीचा ठरला. पण तेहतीस टक्के उरतातच, हेही त्याच आकड्यात आहे.

आता आपल्याकडचं. आपल्या लोकांना कडोदऱ्यात बसून थंडीत असा आजार सहसा होत नाही. फ्लोरिडातल्या सारासोटा गावी आणि उत्तरेकडच्या नॅशुआ गावी एकाच पद्धतीने पाहणी झाली होती, तेव्हा सारासोटाला १.४ टक्के निघाले आणि नॅशुआला ९.७. सारासोटा २७ अंशांवर, आपण त्याहूनही दक्षिणेला, २१ अंशांवर. तरी नुसत्या अंशांवरही जाऊ नका. आइसलँडचे लोक इतक्या वर असूनही अपेक्षेपेक्षा कमी खचतात असं दिसलं आहे. उत्तरायणला आपण दिवसभर गच्चीवर असतो, तेव्हा आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं असं म्हणायचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. पतंग हा पतंग आहे. पण गच्चीवर जानेवारीत सव्वाआठला मीटर धरलं तर बारा हजार लक्स आले, आणि त्यासाठी दीडशे डॉलर लागले नाहीत, हेही खरं.

अडचण अशी की आपण गच्चीवर जातो किती? पूर्वी लूमवाल्यांच्या चाळीत घर अंधारं असलं तरी माणसं दिवसभर ओट्यावर असत. आता ओटा गेला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही तिची खाट मागच्या खोलीत टाकली, शांतता मिळावी म्हणून. ती दिवसा पेंगायची, रात्री जागायची, आणि 'आता काय राहिलंय' असं बोलायला लागली. धाकट्याने फोनवर विचारलं, दादा, आईच्या खाटेवर मीटर धरलंस का? धरलं. भर दुपारी सत्तर लक्स. आम्हाला लाज वाटली. खाट गॅलरीच्या दारापाशी आणली, तिथे सकाळी नऊला बावीसशे लक्स मिळाले. तीन आठवड्यांत तिची रात्रीची झोप सुधारली आणि ती शेजारणीशी भांडायला लागली. यात उजेडाचा वाटा किती, गॅलरीतून दिसणाऱ्या वर्दळीचा किती आणि बऱ्या होत आलेल्या गुडघ्याचा किती, हे मोजायचं मीटर आमच्याकडे नाही.

रात्रपाळी करणारे आपले बांधव इथे बसले आहेत, त्यांचं गणित उलटं आहे. रात्रपाळी संपवून सकाळच्या उन्हातून घरी आलं की शरीर समजतं दिवस सुरू झाला, आणि झोप उडते. त्यांनी झोपायची खोली जितकी काळोखी करता येईल तितकी करावी, जाड पडदा लावावा. काही जाणकार घरी येताना गडद चष्मा सुचवतात. पण झोपेने डुलणाऱ्या माणसाने काळा चष्मा लावून कडोदरा चार रस्ता मोटारसायकलवर ओलांडावा, असं आम्ही कधीच म्हणणार नाही. रिक्षाने येत असाल तर लावा.

ज्यांची मुलं या ऑगस्ट-सप्टेंबरात बाहेर निघाली आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगतो. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी लंडनला निघाली. तिच्या आईवडिलांनी आमचं ऐकून इथूनच ऑनलाइन दिवा मागवला आणि कौतुकाने दाखवायला आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत दहा हजार लक्स. दिवा केवढा, तर मोबाइलपेक्षा थोडा मोठा. मीटर लावलं. वीतभरापेक्षा कमी अंतरावर, म्हणजे नाकासमोर धरला तर दहा हजार आले. हातभर लांब ठेवला तर तेराशे. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, तो कोणत्या अंतरावरचा हे लिहिलेलं नव्हतं, बस. म्हणून दिवा घेताना अंतर विचारा, दिव्याचा पृष्ठभाग मोठा बघा, अतिनील किरण गाळलेले आहेत का ते बघा. आणि शक्यतो मुलांना तिथेच, तिथल्या डॉक्टरला विचारून घेऊ द्या.

डॉक्टरला विचारून, हे आम्ही उगाच म्हणत नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, मधुमेहाने डोळे बिघडले असतील, तर हा दिवा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय नको. काही औषधांनी शरीर उजेडाला जास्त संवेदनशील होतं. आणि ज्यांना बायपोलर आजार आहे, म्हणजे कधी खचणं आणि कधी भलतीच उसळी, त्यांची ती उसळी प्रखर उजेडाने पेटू शकते. दिवा विजेवर चालतो म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. विजेच्या खात्यातल्या माणसाने हे सांगावं हे बरं.

आणि कोणी आपलं माणूस, इथलं असो की तिथलं, 'उठून करायचं काय असतं' असं बोललं, तर दिव्याचा विचार नंतर. त्याला एकटं सोडू नका. तिथल्या डॉक्टरकडे पाठवा. इथे असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, रात्रीही लागतो. आमच्या आईने धाकट्याची गोष्ट अमळनेरच्या भाऊबंदांना दोन वर्षं सांगितली नव्हती. लग्नाच्या बाजारात मुलाचं नाव खराब होईल ही भीती. मागच्या मे महिन्यात एका लग्नात तिने स्वतःहून सांगितली, तर तिथल्याच एका बाईने तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तो दिवा कुठे मिळतो? तिचा मुलगा स्वीडनला.

नॉर्वेत रियुकान नावाचं एक गाव आहे. आपल्यासारखंच कारखान्यांमुळे वसलेलं. ते खोल दरीत आहे, त्यामुळे सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत गावात ऊनच पोहोचत नाही. कारखान्याच्या मालकांनी १९२८ साली तिथे दोरावरची गाडी बांधून दिली. का, तर लोकांनी थंडीत डोंगरावर जाऊन ऊन बघून यावं. आणि २०१३ साली गावाने समोरच्या डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याच्या मागे फिरतात आणि ऊन खाली चौकात पाडतात. चौकभर नाही, थोड्याशाच जागेत. त्या कवडशात लोक बाकं टाकून बसतात. धाकट्याने त्याचा व्हिडिओ पाठवला होता. आईने तो तीनदा बघितला आणि म्हणाली, एवढ्याशा उन्हासाठी किती खटाटोप रे! मग स्वतःच उठून गॅलरीत जाऊन बसली.

एडमंटनला अजून उन्हाळाच आहे. धाकटा संध्याकाळी उजेडात क्रिकेट खेळून येतो, आणि फोटोंनी आमच्या ग्रुपची जागा भरून टाकतो. दिवा कपाटावर पिशवीत गुंडाळलेला आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो काढायचा, मन बिघडायची वाट बघायची नाही, असं त्याच्या डॉक्टरने सांगितलं आहे. आमच्या सौ.नी घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल केला आहे. शेजारी दूधवाल्याचा हिशेब आहे.

लक्समीटर आम्ही आणलं आहे, इथे टेबलावर आहे. ज्यांना आपल्या घरची झोपायची खोली, मुलांच्या अभ्यासाचं टेबल किंवा आजी-आजोबांची खाट मोजायची असेल त्यांनी घेऊन जावं आणि उद्या आरतीच्या आधी परत आणावं. त्याचा सेल नवा घातलेला आहे. वहीत नाव लिहा, कारण मागच्या वर्षी मंडपाचा टेस्टर नेला तो अजून आलेला नाही.

गणपती बाप्पा मोरया!